डिस्कस पुन्हा पुन्हा काळवंडतात? औषधाआधी टाकी आणि फिल्टर तपासा

डिस्कस हा चपटा शोभेचा मासा पाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते. पाणी बदलले की मासे खुलतात, चार-पाच दिवस नीट खातात आणि मग पुन्हा काळे पडून कोपऱ्यात जमतात. दुकानातून एखादी बाटली आणली जाते, ती टाकल्यावर दोन दिवस बरे वाटते आणि पंधरवड्यात पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. ठाणे आणि पुणे परिसरात इतरांच्या बिघडलेल्या टाक्या मार्गी लावण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की वारंवार उलटणारे हे दुखणे बहुतेक वेळा माशांचे नसते. टाकीतले पाणी, माशांची संख्या आणि फिल्टरची खरी ताकद यांचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ न बसवता दिलेले कोणतेही औषध पुढच्या फेरीपर्यंतच टिकते.

आधी लक्षणे नीट ओळखा

- अंगाचा रंग गडद होतो आणि एरवी पुसट असणारे उभे पट्टे ठळक दिसू लागतात. 'पिजन ब्लड' जातीच्या माशांना हे पट्टे नसतात. त्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके वाढतात, आणि पट्टे दिसत नाहीत म्हणून मालक निश्चिंत राहतो.
- सगळे मासे हीटरच्या किंवा पाइपच्या मागे दाटी करून उभे राहतात, पर अंगाला चिकटवून ठेवतात, अन्न तोंडात घेतात आणि थुंकून टाकतात.
- श्वासाची गती वाढते, किंवा मासा फिल्टरच्या धारेजवळ अथवा पृष्ठभागाजवळ थांबून राहतो.
- अंगावर पांढुरकी बुळबुळीत साय धरते, कधी तिचे पापुद्रे सुटतात.
- पाणी दुधाळ दिसते, पृष्ठभागावरचा फेस लवकर फुटत नाही, झाकण उघडताच कुबट वास येतो.

यात एक फरक सुरुवातीलाच करावा लागतो. टाकीतले सगळे मासे काही तासांच्या आत एकदम काळवंडले, तर संशय पाण्यावर घ्यावा. पाच मासे उत्तम खात आहेत आणि एकच मासा बारीक होऊन कोपऱ्यात उभा आहे, तर तो दादागिरीचा बळी आहे किंवा त्याच्या पोटात परजीवी आहेत. तिथे फिल्टर बदलून काही हाती लागत नाही. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा किंवा एकाच कल्ल्याने चाललेला श्वास ही लक्षणेही आजाराकडे बोट दाखवतात. मात्र तिथेही पाण्याची तपासणी आधी करावी, कारण खराब पाण्यात आजाराचे निदान करता येत नाही आणि उपचारही लागू पडत नाहीत.

पहिली तपासणी: वेळापत्रक (खर्च शून्य)

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दोन आठवडे नोंदी ठेवा: पाणी कधी आणि किती बदलले, फिल्टर कधी धुतला, वीज कधी गेली, मासे कधी काळे पडले. ही तपासणी लोकांना पोरकट वाटते, पण निम्मे निदान मला याच कागदावर मिळते.

पाणी बदलल्यावर काही तासांत त्रास होत असेल, तर क्लोरीन, तापमानातील तफावत किंवा पीएचमधील, म्हणजे पाण्याच्या आम्लतेच्या मापातील, अचानक बदल यांपैकी एक कारण असते. फिल्टर धुतल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी त्रास होत असेल, तर धुताना माशांची घाण पचवणारे उपयुक्त जिवाणू मारले गेले आहेत. मासे पहाटे धापा टाकतात आणि दुपारी ठीक दिसतात, तर रात्री प्राणवायू कमी पडतो आहे. वनस्पती भरपूर असलेल्या टाकीत हे विशेष होते, कारण अंधारात वनस्पतीही प्राणवायू वापरतात. त्रास फक्त एप्रिल-मे महिन्यांत होत असेल, तर सोसायटीच्या सचिवांना विचारा की गच्चीवरच्या टाकीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळले जाते का. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांचे पाणी सौम्य, म्हणजे कमी क्षारांचे, असते, तर दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी सहसा बरेच कठीण असते. नळ तोच राहतो, पाणी मात्र बदलते, आणि डिस्कसला ते आपल्याआधी कळते.

दुसरी तपासणी: थर्मामीटर

डिस्कस हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील मासा आहे. संथ वाहणाऱ्या, उबदार आणि अतिशय सौम्य पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या मुळा-फांद्यांच्या आडोशाला तो राहतो. आज बाजारात मिळणारे बहुतेक मासे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेले असल्याने पीएच आणि कठीणपणाबाबत ते बरेच सोशिक झाले आहेत, पण उष्णतेची गरज कमी झालेली नाही. पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस असले पाहिजे. २६ अंशांना मासा मरत नाही. तो मलूल होतो, खाणे कमी करतो, आणि मालक त्याला जंताचे औषध देऊ लागतो.

हीटरच्या चकतीवरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. काचेचा साधा थर्मामीटर टाकीच्या हीटरपासून दूरच्या टोकाला ठेवा आणि पहाटे व दुपारी असे दोनदा वाचा. पुणे-नाशिकच्या हिवाळी रात्री कमी शक्तीचा हीटर हमखास तोकडा पडतो. दर लिटर पाण्याला साधारण एक वॅट हा हिशेब आपल्याकडे पुरतो, आणि तो एकाच मोठ्या हीटरने भागवण्याऐवजी दोन लहान हीटरांत विभागावा. मोठा हीटर चालू अवस्थेत अडकला तर मासे शिजतात. लहान अडकला तर तापमान हळूहळू वाढते आणि आपल्याला सावध व्हायला वेळ मिळतो. विदर्भात उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. पाणी तापेल तसा त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅमच मावतो. त्यामुळे उबदार टाकीत पृष्ठभाग हलता ठेवणे हा फिल्टर निवडीचाच भाग ठरतो.

तिसरी तपासणी: बादली आणि घड्याळ

फिल्टरच्या खोक्यावर 'ताशी १००० लिटर' असे छापलेले असते. हा आकडा सहसा पंप रिकामा, आत स्पंज आणि जिवाणू वसण्यासाठीचे सच्छिद्र सिरॅमिक न भरता आणि पाणी उंच न चढवता मोजलेला असतो. घरात तो किती उरतो, हे पाहायला दहा लिटरची बादली पुरते. फिल्टरच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी, टाकीतल्या तिच्या नेहमीच्या उंचीइतकीच उंच धरून बादलीत सोडा आणि बादली भरायला लागणारे सेकंद मोजा. ३६००० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी लिटर मिळतात. बादली ३६ सेकंदांत भरली तर प्रवाह खरोखर ताशी १००० लिटर आहे; ७२ सेकंद लागले तर निम्मा.

ठाण्यातील एका घरी तीन फुटी टाकीखाली असाच 'ताशी १०००'चा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, होता. बादली भरायला ९५ सेकंद लागले, म्हणजे प्रवाह ताशी ३८० लिटरांच्या आसपास होता. डबा उघडला तेव्हा सर्वांत खालच्या जाळीतला खरखरीत स्पंज पिळला जाईना, इतका गच्च झाला होता; त्यावर तपकिरी चिखलाचा जाड थर होता आणि सिरॅमिक रिंगांची छिद्रे बुजून त्या नुसते गुळगुळीत खडे बनल्या होत्या. बाहेरून मात्र डबा स्वच्छ, मोटारीचा आवाज व्यवस्थित आणि पाणी नितळ दिसत होते. नितळ पाण्यावर कधीही विश्वास ठेवू नये, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

डिस्कससाठी टाकीतल्या पाण्याच्या चौपट ते पाचपट खरा ताशी प्रवाह पुरेसा असतो. त्याहून फार जास्तही नको. हा मासा ताटासारखा चपटा आणि उंच असतो. जोरदार धारेत तो दिवसभर स्वतःला सावरत राहतो आणि थकतो. म्हणून पाणी छिद्रांच्या आडव्या नळीतून, मागच्या काचेकडे किंवा पृष्ठभागाच्या दिशेने सोडावे. धार कमी करण्यासाठी फिल्टरचा नळ आवळण्यापेक्षा धारेची दिशा बदलणे केव्हाही चांगले.

चौथी तपासणी: चाचणी संच

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि शक्य झाल्यास कार्बोनेट कठीणपणा (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) या चाचण्यांचा थेंबांचा संच घ्या. कागदी पट्ट्या स्वस्त असतात, पण कमी प्रमाणाच्या नोंदीत त्या फसवतात. दोन-तीन औषधांच्या बाटल्यांवर वाया जाणाऱ्या पैशांत हा संच बहुधा येतो.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे नायट्रेट. पहिले दोन विषारी आहेत आणि त्यांची नोंद शून्यच हवी. नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या) खाली ठेवावे, आणि ते पाणी बदलूनच कमी होते. नेहमीचा कोणताही घरगुती फिल्टर ते काढत नाही. यातून निष्कर्ष सरळ निघतो. अमोनिया किंवा नायट्राइट दिसत असेल, तर फिल्टरची जैविक क्षमता कमी आहे किंवा नुकतीच मारली गेली आहे. ते दोन्ही शून्य असून नायट्रेट ४०-८० आहे, तर फिल्टर आपले काम करतो आहे. दोष दुसरीकडे आहे: टाकी लहान आहे, मासे जास्त आहेत किंवा पाणी कमी बदलले जाते. दुसऱ्या प्रकारात महागडा फिल्टर आणून रोग तसाच राहतो, आणि लोक नेमके तेच करतात.

टाकीबरोबर नळाचे पाणीही तपासा. ते एकदा ताजे आणि एकदा चोवीस तास हवा सोडून ठेवल्यावर तपासा. नळाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच बऱ्याचदा वर सरकतो, म्हणजे बदललेल्या पाण्याचा धक्का त्याच दिवशी न बसता रात्रीतून बसतो. क्लोरीनसाठी क्लोरीन काढणारे द्रावण प्रमाणात घालावे किंवा पाणी रात्रभर जोरात हवा सोडून ठेवावे. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीनचे प्रमाण वाढवलेले असू शकते, तेव्हा नेहमीच्या अंदाजावर विसंबू नये.

आरओच्या पाण्याचा सापळा

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहितो, कारण काळजीपूर्वक पाळणारेच यात अडकतात. डिस्कसला सौम्य पाणी लागते हे वाचून लोक टाकी संपूर्ण आरओच्या पाण्याने भरतात. अशा पाण्यात कार्बोनेट जवळजवळ नसते. अमोनियाचे नायट्रेट करताना जिवाणू कार्बोनेट खर्च करतात आणि आम्ल तयार होते. ते झेलायला पाण्यात काही शिल्लकच नसल्याने पीएच घसरत जातो. तो सहाच्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. पण इतक्या आम्लधर्मी पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियम या कमी घातक रूपात असतो, त्यामुळे मासे तसे बरे दिसतात.

मग रविवार येतो. मालक पीएच ७.८ असलेल्या नळाच्या पाण्याने अर्धी टाकी बदलतो, पीएच उसळी घेतो आणि साचलेल्या अमोनियमचा बराचसा भाग काही मिनिटांत विषारी अमोनियात बदलतो. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की साधारण साडेसहा भाग असतात. म्हणजे जवळजवळ दहापट. मासे उसळतात, कल्ले लालभडक होतात, अंगावर साय येते, आणि 'पाणी बदलले की मासे आजारी पडतात' अशी मालकाची ठाम समजूत होते. त्यामुळे तो पाणी बदलणे आणखी लांबवतो आणि पुढचा तडाखा अधिक मोठा बसतो.

यावर उपाय स्वस्त आहे. महापालिकेचे पाणी मध्यम असेल तर आरओ मुळीच वापरू नका. पैदास करायची नसेल तर टाकीत वाढलेला डिस्कस स्थिर ७ ते ७.५ पीएचमध्येही उत्तम राहतो. बोअरचे पाणी फार कठीण असेल तर आरओ आणि नळाचे पाणी ठरावीक प्रमाणात मिसळा आणि ते प्रमाण कायम ठेवा. कार्बोनेट कठीणपणा जर्मन मोजणीत ३-४ अंशांखाली जाऊ देऊ नका. पीएच आधीच कोसळलेला असेल, तर एकदम अर्धी टाकी न बदलता रोज दहा टक्के पाणी बदलत काही दिवसांत त्याला वर आणा.

पाचवी तपासणी: फिल्टर उघडून पाहणे

प्लग काढल्याशिवाय हात घालू नका. आत तीन गोष्टी पाहायच्या असतात: पाणी आधी खरखरीत स्पंजातून, मग बारीक लोकरीतून आणि शेवटी सिरॅमिकमधून जाते आहे का; सिरॅमिकसारख्या जैविक माध्यमाला पुरेशी जागा आहे का; आणि ते धुतले कशाने जाते. पाण्याची दिशा कंपनीनुसार बदलते, तेव्हा 'वरून खाली' असे गृहीत धरू नये. सिरॅमिक आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावेत. नळाखाली धरून, घासून पांढरे केले की जिवाणू जातात, आणि तिसऱ्या दिवशी मासे काळे. पांढरी लोकर मात्र निर्धास्त फेकून नवी घालावी; ती कचरा अडवण्यासाठीच असते. सगळे माध्यम एकाच दिवशी कधीही धुऊ नये.

भारनियमन असलेल्या भागांसाठी एक जास्तीची सूचना. कॅनिस्टर हा बंद डबा आहे. वीज काही तास गेली की आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि वीज येताच तो डबा आतले कुजके पाणी टाकीत ओततो. वीज बराच वेळ गेली असेल तर तो आपोआप सुरू होऊ देऊ नका; आधी डब्यातले पाणी ओतून टाका. अशा भागात एअर पंपावर चालणारे दोन स्पंज फिल्टर आणि तो पंप चालवणारा छोटा इन्व्हर्टर ही जोडी मला महागड्या कॅनिस्टरपेक्षा अधिक भरवशाची वाटते. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत एकेरी झडप हवीच. नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे पंपात उतरते.

सहावी तपासणी: अन्न

इथे फार लिहिण्यासारखे नाही. मटणवाल्याकडून आणलेले दिल आणि कोळंबी यांचे घरगुती मिश्रण माशांना आवडते आणि ते झपाट्याने वाढतात, पण उरलेला प्रत्येक कण कुजतो. पाच-सात मिनिटांत संपेल इतकेच द्या, उरलेले नळीने ओढून घ्या, आणि तळाला वाळू-खड्यांचा जाड थर असेल तर तो काढून टाका. वाढत्या पिल्लांसाठी उघड्या काचेचा तळ उत्तम.

सातवी तपासणी: टाकीचा खरा हिशेब

इथून पुढे खर्च वाढतो. डिस्कस एकेकटा किंवा जोडीने ठेवला की बिथरतो. किमान पाच-सहांचा गट लागतो, नाहीतर एकच मासा सगळ्यांचा मार खातो. पूर्ण वाढलेला मासा १५ ते २० सेंटिमीटर भरतो. एका मोठ्या माशामागे ४० लिटर खरे पाणी हा हिशेब मी धरतो, आणि 'खरे' हा शब्द महत्त्वाचा आहे.

ठाण्याची ती टाकी ९० × ३० × ४५ सेंटिमीटरची होती. बाहेरून गुणाकार केला तर १२१ लिटर. काचेची जाडी आणि वरची रिकामी जागा वजा केल्यावर साधारण १०० लिटर. लाकूड आणि वाळू धरली तर त्याहूनही कमी. तिच्यात आठ मासे होते. चाळीसच्या हिशेबाने त्यांना ३२० लिटर हवे होते. या टाकीवर जगातला कोणताही फिल्टर लावला असता, तरी नायट्रेट तीन-चार दिवसांत वर चढलेच असते, कारण ते मावायला पाणीच नव्हते.

नवी टाकी घ्यायची तर १२० × ४५ × ५० सेंटिमीटर हे माप सहा माशांसाठी मला सर्वांत सोयीचे वाटते. पाच सेंटिमीटर वर मोकळे ठेवून तिच्यात सुमारे २३० लिटर पाणी राहते. उंची ४५ सेंटिमीटरच्या खाली नको, कारण मासाच उंच आहे. पण ६० च्या वरही नको, कारण तळ साफ करायला हात पोहोचत नाही आणि जे साफ करायला अवघड जाते ते साफ होत नाही. उंचीपेक्षा लांबी-रुंदीवर पैसे घाला. टाकी घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आठवड्यातून दोनदा ७० ते ८० लिटर पाणी कुठून आणणार आणि कुठे सोडणार? न्हाणीघरापर्यंत नळी पोहोचत नसेल, पाणी दिवसातून तासभरच येत असेल, साठवायला पिंप ठेवायला जागा नसेल, तर मोठ्या टाकीऐवजी मासे कमी ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

आठवी तपासणी: फिल्टर बदलणे

टाकीचा हिशेब जमल्यानंतरच फिल्टरची निवड करावी. आधी फिल्टर घेणारा माणूस टाकी घेताना पुन्हा तोच खर्च करतो.

स्पंज फिल्टर स्वस्त आहे, धार सौम्य आहे आणि पाणी हलवून प्राणवायूही देतो. पिल्लांच्या आणि विलगीकरणाच्या टाकीसाठी तो पुरेसा आहे. मोठ्या माशांच्या टाकीत मात्र तो जोडीदार म्हणून असावा. काठावर टांगायचे फिल्टर देखभालीला सोपे, पण त्यांत जैविक माध्यमाला जागा फार कमी. सहा डिस्कसचा भार एकट्याने पेलणे त्यांना जमत नाही. झाकणावर बसवायच्या टॉप फिल्टरमध्ये जागा बरी असते आणि पाणी हवेतून पडत असल्याने प्राणवायू मिळतो. फक्त धार विभागून सोडावी लागते.

कॅनिस्टर घेताना खोक्यावरच्या प्रवाहाकडे न पाहता आतल्या माध्यमाच्या जागेकडे पाहा. २३० लिटरांच्या टाकीसाठी सहा-सात लिटर माध्यम मावेल असा डबा घ्या आणि शोषण नळीच्या तोंडाला जाड स्पंज बसवा. हा स्पंज फिल्टरचे अर्धे काम वाचवतो, कारण बहुतेक कचरा डब्यात शिरण्याआधीच अडतो. कॅनिस्टरचा खरा दोष त्याच्या सोयीत आहे: तो कपाटात दिसत नाही, म्हणून विसरला जातो.

जागा आणि खर्च परवडत असेल तर सम्प, म्हणजे टाकीखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी, हाच माझ्या मते सर्वांत समाधानकारक पर्याय आहे. माध्यम हवे तितके घालता येते, हीटर खाली लपतात, कचरा उघडा दिसतो आणि एकूण पाणीही वाढते. पण त्याची मांडणी चुकली तर घरात पाणी होते. पंप बंद पडल्यावर मुख्य टाकीतून जितके पाणी खाली उतरते तितके मावेल एवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. सम्प बसवणाऱ्याला तुमच्यासमोर पंपाचा प्लग काढायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर पैसे देऊ नका.

नवा फिल्टर आला म्हणून जुना त्याच दिवशी काढू नये. दोन्ही चार ते सहा आठवडे एकत्र चालवावेत, जुन्यातील थोडे सिरॅमिक नव्यात घालावे, आणि जुना बंद केल्यावर पहिले दहा दिवस रोज अमोनिया-नायट्राइट तपासावे. नोंद शून्यावरून हलली तर जुना पुन्हा जोडावा.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पाण्यात बोट घालताच झिणझिण्या आल्या, तर घरचा मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटर किंवा पंप स्वतः उघडू नका. टाकीच्या जोडणीवर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे वीजगळती-संरक्षण नसेल, तर ते त्याच वेळी बसवून घ्या.

काचेच्या सांध्यातून पाणी पाझरते आहे किंवा पुढची काच पोट आल्यासारखी फुगली आहे, तर भरल्या टाकीला बाहेरून सिलिकॉन लावण्याचा प्रयोग करू नका. मासे पिंपात हलवा, टाकी रिकामी करा आणि टाकी बनवणाऱ्या कारागिराला दाखवा.

वर सुचवलेल्या १२० सेंटिमीटरच्या टाकीचे पाणी, काच आणि स्टँड मिळून वजन सव्वातीनशे किलोंच्या घरात जाते, आणि ते अर्ध्या चौरस मीटरवर उभे राहते. राहत्या घरांच्या स्लॅबचा वापरभार साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोंच्या हिशेबाने धरलेला असतो. काँक्रीटच्या इमारतीत तुळईलगत, भिंतीला टेकून चार फुटी टाकी सहसा चालते. पण पुढे झुकलेली बाल्कनी, लाकडी तक्तपोशीची जुनी चाळ किंवा पाच-सहा फुटी टाकी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नका.

शेवटी मासे. सलग दोन आठवडे अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या खाली, तापमान आणि पीएच स्थिर असूनही मासे काळेच राहत असतील, विष्ठा पांढरी असेल, एकच कल्ला चालत असेल किंवा डोक्यावर खड्डे पडत असतील, तर फिल्टरशी खेळणे थांबवा. कल्ल्याचा किंवा विष्ठेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय परजीवी कोणता हे ठरत नाही, आणि अंदाजाने ओतलेली प्रतिजैविके फिल्टरमधील जिवाणूंनाही मारू शकतात. जलचरांवर काम करणारे पशुवैद्य किंवा मत्स्यआरोग्याचे अभ्यासक गाठा. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, तसेच नागपूर आणि उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालये या ठिकाणी या विषयाचे जाणकार आहेत. तिथे आधी दूरध्वनी करून विचारणा करावी. जाताना टाकीचे एक लिटर पाणी, नोंदींचा कागद आणि आजवर टाकलेल्या प्रत्येक औषधाचे नाव बरोबर न्या. मासा मेला असेल तर तो फ्रीझरमध्ये न गोठवता पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि काही तासांतच पोहोचवा. दुसऱ्या दिवशीच्या कुजलेल्या माशातून फारसे काही कळत नाही.